वासराला हात लावल्यावर

आमच्या कॉलेजनं पोंभुर्ण्याजवळच्या एका शाळेत लहान मुलांचा मेळावा ठेवला होता. मैदानाच्या कडेला बांबूच्या ताट्या लावून छोटा गोठा केला होता. शेळीची दोन पिल्लं, काही ससे आणि एक वासरू. मुलांनी आत जायचं, जनावरांना हात लावायचा, पाला खाऊ घालायचा. वासरू आमच्याच घरचं होतं. शेळीचं तिसरं पिल्लू पातळ हगत होतं, म्हणून ते सकाळीच परत पाठवलं होतं.

मला बाहेर पडायच्या दाराशी उभं केलं. नळ बसवलेला पाण्याचा ड्रम, साबण आणि मी. खाऊ आत न्यायचा नाही, बाहेर येताना प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे, एवढंच बघायचं होतं. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे चारचौघांत कुणाला काही सांगायचं म्हटलं की अजूनही माझा आवाज बसतो. पण मुलांना हात धुवा म्हणणं जमेल असं वाटलं.

वासराबरोबर आई आली होती आणि तिच्याबरोबर माझ्या भावाची तीन वर्षांची मुलगी. गेल्या पावसाळ्यात या पोरीला जुलाब लागले होते. सरकारी दवाखान्यात सलाईन लावावं लागलं, डोळे पार खोल गेले होते. घरी जनावरं आहेत का, पोरगी हात धुते का, असं डॉक्टरांनी विचारलं. जुलाब त्यानंच झाले असं ते म्हणाले नाहीत. होऊ शकतात, म्हणाले. आमच्याकडे गाय-वासराला हात लावला की तो कपाळाला लावतात आणि मग ओठांना. आईनं पोरीला बोलायच्या आधी हे शिकवलं होतं. मी एकदा बोलून पाहिलं, तर आम्ही कसे वाढलो मग, असं आईनं विचारलं.

मेळाव्यात पोरगी वासराच्या गळ्यात पडून बाहेर आली. हात कपाळाला लागला, ओठांकडे निघाला, आणि मी तिचं मनगट धरून नळाखाली नेलं.

आईनं तिला मागे ओढलं. "गाईले हात लावून हात धुवाचे? विटाळ झाला काय तिले?"

रांगेत मागे असलेल्या बाईनं साबण घेतलेल्या आपल्या पोराचा हात खाली केला. रांग थांबली. आमचे सर दुसरीकडे पाहू लागले. जंतूंबद्दल जे शिकले होते, त्यातलं एक वाक्य तोंडात येईना.

"गाईचा नाई वं आई," मी म्हणाले. "वासरू शेणात बसते. हाताले ते शेण लागते. नमस्कार कपाळाले लागला, तो काही धुवून जात नाई."

"मोठी शिकली," आई म्हणाली. मग पोरीकडे बघून, "अन् ओठाले?"

"ओठाले नको लावू देऊ. सलाईन लागलं तवा तूच बसली होती तिच्या उशाशी."

आईनं पोरीचा तळवा उलगडला. बोटांच्या बेचक्यांत हिरवट शेण होतं. ते बघून ती खाली बसली, पोरीचा हात नळाखाली धरला आणि स्वतःच साबण चोळायला लागली. मागच्या बाईनं आपल्या पोराला पुढे सरकवलं.

त्यानंतर आई ड्रमापासून हललीच नाही. नखातलं राहिलं म्हणून तिनं कितीतरी पोरांना परत फिरवलं. एक मास्तर पँटला हात पुसत निघाले, तर त्यांना तिनं हाक मारली. "भाऊ, तुमच्यासाठी येगळं पाणी आणू काय?" ते हसत मागे आले. मी नुसती साबण पुढे करत होते.

मुलं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसून चिवडा खात होती. आमची पोरगीही त्यांत होती, दोन्ही हातांनी खात.

आई स्वतः अजूनही वासराला लावलेला हात ओठांना लावते. पोरीचा हात मात्र ती कपाळाशीच धरते, आणि तसाच धरून तिला पाण्याकडे नेते.