मोरांनी खाल्लेली ज्वारी

जानेवारीतल्या त्या दुपारी मामीचा फोन आला तेव्हा मी पुण्याला ऑफिसच्या जिन्यात उभी होते. "तुझे मामा गेले गं," एवढंच ती म्हणाली आणि मी म्हणाले, "हो." नंतर कितीतरी वेळ मी त्या 'हो'चाच विचार करत राहिले... मिलिंदमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकवायचे आणि सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन बीड जिल्ह्यातले माळ, डोंगर, हरणं, पाखरं टिपत फिरायचे. पुढे चकलांब्याला, मामांच्या गावी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग एकेक जण उठून मामांबद्दल बोलला. माझंही नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले, 'जयभीम' म्हणाले आणि पुढचं काही आलंच नाही. परत येऊन बसले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "इंग्लिश मिडियमची हाय. तिला कुठं जमतंय." त्या दिवशी जे राहिलं ते इथं लिहिते आहे.

लहानपणी मे महिन्यात आजोळी गेलं की पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारायचं, "ही कावून बोलत न्हाई?" मी बोलले की माझ्या मराठीला भावंडं हसायची, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. मामांनी मात्र हे कधी विचारलं नाही. मी अकरा वर्षांची असताना त्यांनी आम्हाला नायगावच्या अभयारण्यातले मोर दाखवायला न्यायचं ठरवलं. मामा, मामी, आई आणि मी. मामी त्यांच्याबरोबर फोटोंसाठी पहिल्यांदाच निघाली होती. पहाटे गाडी निघाली, पण मांजरसुंब्याच्या पुढे ती दर दोन-तीन किलोमीटरला थांबू लागली. उघडे, करपलेले डोंगर, एखादं बाभळीचं झाड, एवढ्यासाठी मामा खाली उतरायचे. लिंबागणेश येईपर्यंत मामीचा धीर संपला. "लोक मोर बघायला जातात, आमचे हे दगडं बघत थांबतात!" मामा हसून म्हणाले, "हिरवा डोंगर कुणीबी काढंल. त्याची हाडं उन्हाळ्यातच दिसतात."

मामांकडे एक पिशवी होती. आयटीआयच्या जुन्या खाकी पँटचा पाय कापून त्यांनी ती स्वतःच शिवली होती. आत ज्वारी भरायची, तोंड सुतळीने बांधायचं, गाडीच्या खिडकीवर ठेवायची आणि तिच्यात लेन्स दाबून बसवायची. मग हात थरथरला तरी कॅमेरा हलत नाही. गाडी बंद, बोलणं बंद, आणि वाट बघायची... नायगावजवळ पोचल्यावर मामा पुढची वाट बघायला पायी गेले. एवढ्यात माझ्या बाजूच्या बाभळीखाली चार-पाच मोर आले. मामीला कोण आनंद झाला! तिने पिशवीची सुतळी सोडली आणि होती नव्हती ती सगळी ज्वारी खिडकीतून बाहेर ओतली. मामा पाय न वाजवता परत येऊन गाडीत बसले, हात मागे नेला, तर हातात नुसतं फडकं.

"अगं, माझी पिशवी!"

"ओरडू नका, मोर जातील," मामी कुजबुजली. "दरवेळी कोठीतली ज्वारी भरून नेता. मला वाटलं, पाखरांना टाकायला नेता."

मामांनी क्षणभर डोळे मिटले. मग मला म्हणाले, "पोरी, तिकडं तोंड कर आन् हलू नको." त्यांनी लेन्स माझ्या उजव्या खांद्यावर टेकवली. मी श्वास धरला. एक मोर दाणे टिपत इतका जवळ आला की त्याच्या मानेवरचा निळा रंग मान हलली की हिरवा होताना दिसत होता. कानाशी कॅमेरा वाजत होता आणि माझ्या खांद्यावर काहीतरी फार महत्त्वाचं ठेवलंय, असं मला वाटत होतं.

फोटो दाखवताना मामा म्हणाले, "बघ, एक पीस हाललं न्हाई. ह्या गाडीत गप बसता येणारं एकच माणूस हाय." माझ्या गप्पपणाला कुणी चांगलं म्हणण्याची ती पहिली वेळ. मामीने लगेच विचारलं, "मग आता ज्वारी भरायची का भाचीला न्यायची?" "दोन्ही," मामा म्हणाले. पुढे दर मे महिन्यात माझी गाडीतली जागा ठरलेली असे. तो मोराचा फोटो मात्र त्यांनी कधी कुठल्या प्रदर्शनाला पाठवला नाही. "लई चांगला हाय," ते म्हणायचे, "पण दाणे टाकून काढलेला हाय." तो फोटो फक्त घरात लागला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या समोरच्या भिंतीवर.

दिवाळीत शेवटची भेट झाली तेव्हा त्यांना कॅमेरा उचलवत नव्हता. त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "नवी ज्वारी आली की बदल. जुनीला किडे लागतात." त्यांनी मला बोलतं करायचा प्रयत्न कधीच केला नाही, मला गप्प राहू दिलं, हे मला तेव्हा त्यांना सांगायचं होतं. मी म्हणाले, "हो."

मागच्या आठवड्यात पिशवी घेऊन चकलांब्याला गेले. नवी ज्वारी आली होती. सुतळी सोडून मी जुने दाणे अंगणात ओतले आणि उंबऱ्यावर बसले. मामी शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने दोन होले उतरले, मग चिमण्या. दाणे संपेपर्यंत आम्ही दोघी बोललो नाही. पाखरं उडाल्यावर दिवाळीत राहिलेलं ते वाक्य मी मामीला सांगितलं, पुरतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग त्या दिवशी माइकवर कावून न्हाई बोललीस?"

"तिथं सगळेच हलत होते, मामी. गप्प बसून वाट कुणी बघत नव्हतं."

ती हसली, मग पदर डोळ्यांना लावला. मी पिशवीत नवी ज्वारी भरायला घेतली. तेव्हा लक्षात आलं, इतका वेळ मी उजवा खांदा तसाच स्थिर धरून बसले होते...