मापाचा दांडा आणि चार नळ्या

मला चिटगुप्प्याच्या बाजारात परत जाऊन बसायचं नव्हतं. त्या दिवसांत माझ्या मनात एवढी एकच गोष्ट होती, आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती.

सासरचा धंदा बांगड्यांचा. दुकानात सासूबाईंच्या शेजारी बसायचं, आलेल्या बाईचा हात हातात घ्यायचा, बोटं दाबून माप ओळखायचं आणि बांगडी चढेपर्यंत तिच्याशी गोड बोलत राहायचं. माप मला पहिल्या महिन्यातच येऊ लागलं. बोलणं काही आलं नाही. कुणी सहज विचारलं, "कुठली गं तू?" तरी मी बांगड्यांचे जुडगे चाळू लागायचे. खजुरीची, माझ्या माहेरच्या गावची, एवढंच तर सांगायचं असायचं. सासूबाई म्हणायच्या, "हिच्याकडं बायका यायल्यात का मुकी बाहुली बघायला यायल्यात?" आणि बायका हसायच्या.

यजमानांना मोटारीचं वेड होतं. बीदरच्या एका जहागीरदारांनी आपल्या दोन मोटारी सांभाळायला त्यांना ठेवलं, तेव्हा आम्ही बीदरजवळ नौबादला राहायला गेलो. मोटारींसाठी एक पत्र्याची शेड, तिला लागून आमची खोली. दिवसभर कुणाशी बोलावं लागत नसे. निघताना मामंजींनी यजमानांच्या हातात मापाचा दांडा दिला होता. वर निमुळता, खाली जाड होत गेलेला शिसवी दांडा, त्यावर बारीक रेघा. बांगडी वरून सोडली की जिथं अडेल ती रेघ तिचं माप. "घेऊन जा. परत यायचंच हाय तुला," असं मामंजी म्हणाले. दांडा आमच्या खोलीत खुंटीला टांगलेला असे. तो दिसला की मला ते बोलणं आठवे.

महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. जहागीरदारांच्या दोन माणसं बसायच्या उघड्या मोटारीचं एक नळकांडं तडकलं. इंजिनाला धूर सोडायला चार भोकं असतात, त्या चारही भोकांवर बसणारं बिडाचं नळकांडं ते. नवं यायचं म्हणजे बोटीनं, तीन-चार महिने. आणि पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी जहागीरदारांचे एक दोस्त गुलबर्ग्याहून आपली मोटार घेऊन येणार होते. दोन्ही मोटारी बीदरच्या चढावर बरोबरीनं चढवायच्या, असं दोघांचं ठरलं होतं.

"चार नळ्या मी बनवितो," यजमान म्हणाले.

जहागीरदार शेडच्या दारात उभे होते. मी खोलीच्या दाराआड. ते म्हणाले, "चढी तो ये शेड तुम्हारा. बाहर की मोटरां भी दुरुस्त करो. नै चढी तो चाबी देको जाव." किल्ली देऊन निघायचं म्हणजे परत चिटगुप्पा.

यजमानांनी पहिल्यांदा चांगल्या मोठ्या, दोन इंची नळ्या बसवल्या. त्यांचं म्हणणं, धुराला वाट मोकळी तेवढी बरी. आवाज असा झाला की शेजारची म्हैस दावं तोडून गेली. पण चढाच्या पायथ्याला मोटार मरगळली. वेग आल्यावर ठीक, हळू असताना मात्र अंगात जीवच नाही. मग त्यांनी त्या काढून पाण्याच्या पंपाचे जुने नळ आणले. इंजिनाचं भोक मोजलं, नळ मोजला, दोन्ही सारखे. बसवले. आता मोटार पायथ्याला जोरात निघाली आणि अर्ध्या चढावर, चिंचेच्या झाडापाशी, धापा टाकू लागली.

"बराबर मापाचं हाय, तरी कामून दमायली?" यजमान डोकं धरून बसले. शुक्रवारला चार दिवस उरले होते.

मी म्हणाले, "मला बसवून न्या एकदा."

"तुला? रस्त्यानं लोक बघतील की."

"बघू द्या."

हे मी कसं म्हणाले, मला अजून कळत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे डोक्यावरून पदर ओढून मी मोटारीत बसले. चिंचेपाशी आवाज बदलला. वाजत्या भांड्यावर कुणी हळूच हात ठेवावा तसा तो दबला. नळ्या इंजिनापाशी लालबुंद झाल्या होत्या. धूर आत कोंडत होता, एवढं मलाही कळलं.

घरी आल्यावर नळ्या गार होऊ दिल्या आणि यजमानांना एक काढायला लावली. इंजिनाच्या भोकात बोट घालून पाहिलं. नळी जिथं भोकाला चिकटत होती, तिथं काजळीचं गोल कडं बसलं होतं. त्या कड्याला बोट अडत होतं. बांगडी हाताच्या सांध्यावर अडते तसं. मी खोलीत गेले, खुंटीवरचा दांडा काढला आणि भोकात घातला. एका रेघेवर अडला. मग नळीत घातला. तो चार रेघा अलीकडेच अडला.

"तुमी नळी भायेरनं मोजलाव," मी म्हणाले.

"मग?"

"बांगडी भायेरनं मोजतेत का? तुमी बांगड्यांच्या घरचे, आन् इसरलाव व्हय?"

त्यांनी नळीचं तोंड डोळ्यापाशी धरलं. पंपाचा नळ जाड पत्र्याचा. बाहेरून भोकाएवढा दिसला, तरी आतून बराच बारीक होता. "ह्याला आता काय म्हनावं," असं म्हणून ते मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "म्हंजे आधीच्या मोठ्या नळ्याच बऱ्या होत्या की."

"त्या लईच मोठ्या. आमच्या खजुरीच्या मळ्यात पाट रुंद झाला की पाणी निजतंय. वाफ्याला जोरानं लागत न्हाई. भोकापरीस एकच रेघ मोठी घ्या. अडू नये, आन् सैलबी पडू नये."

बांगडी निवडताना आम्ही हेच करतो. हातावरून जाताना अडून फुटू नये, मनगटावर इतकी सैल नसावी की आपटून फुटेल. मला दुसरं काही येत नव्हतं, पण एवढं येत होतं.

असा नळ कुठं मिळायचा? यजमान शेडमध्ये जुन्या नळ्या सोडवत होते आणि वेळ थोडा होता. भंगाराच्या दुकानात मी गेले. दांडा पदराखाली धरून. तिथं चार-पाच पुरुष बसले होते. मी कुणाकडे न बघता एकेका नळीत दांडा घालून पाहू लागले.

म्हातारा दुकानदार म्हणाला, "क्या अम्मा, लोहे को चूड्यां पिन्हाते क्या?"

सगळे हसले. माझे कान तापले. परत फिरावंसं वाटलं, पण फिरले असते तर पुढचं सगळं आयुष्य चिटगुप्प्याच्या दुकानातल्या पाटावर बसून काढावं लागलं असतं. मी तिसऱ्या ढिगाकडे गेले. तिथं मोडके लोखंडी पलंग पडले होते. त्यांच्या उशाकडच्या आणि पायथ्याकडच्या कमानींची नळी पातळ पत्र्याची होती. दांडा घातला. भोकापेक्षा बरोबर एक रेघ मोठी. आणि कमानीला वळण आधीच होतं.

"ह्या दोन पलंगांच्या चारी कमानी पाहिजेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

त्या कमानी यजमानांनी कापल्या, जिथं वळण कमी पडलं तिथं नळीत वाळू ठासून भट्टीत लाल करून वाकवलं. चारही नळ्या सारख्या लांबीच्या केल्या. गुरुवारी संध्याकाळी त्या बसल्या. चढावर नेऊन पाहायला दिवस उरला नव्हता.

शुक्रवारी सकाळीच मामंजी बैलगाडी घेऊन आले. मोटार चढली नाही तर शेड सुटणार, ही बातमी चिटगुप्प्यापर्यंत पोचली होती. यजमान मोटार घेऊन केव्हाच गेले होते.

"सामान बांधलीस का?" मामंजींनी गाडीतूनच विचारलं.

"न्हाई, मामंजी."

"बांध मग. बैलं सोडायलो न्हाई मी."

मी शेडच्या दारात उभी राहिले. तिथून चढ दिसत नव्हता, आवाज मात्र येत असे. आधी एक जाडसर आवाज निघाला, तो पाहुण्यांच्या मोटारीचा. मग आमचा. आमचा मी शंभरांत ओळखला असता. मी मनातल्या मनात रस्ता धरून चालले होते. पायथा. पहिलं वळण. ओढ्यावरची मोरी. आता चिंच.

मामंजी गाडीतून पुढं वाकले होते. बैलाच्या गळ्यातली घंटी त्यांनी मुठीत धरून ठेवली होती.

चिंच गेली. आवाज दबला नाही. तो वर वर बारीक होत गेला आणि शेवटी ऐकू येईनासा झाला. जाड आवाज अजून खालीच, मोरीपाशी होता.

मामंजींनी घंटी सोडली. मग खाली उतरले आणि एका बैलाच्या मानेवरचं जू काढलं.

"पाणी दे बैलांना," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, खोलीकडे न बघता, "तो दांडा तरी दे परत. तुमाला काय करायचाय आता."

मी पाण्याची बादली त्यांच्यापाशी ठेवली.

"न्हाई मामंजी," मी म्हणाले. "दुकानात दुसरे दोन हायत. ह्यो हितं लागतोय."