सत्तेचाळीस नंबरची गिरकी

तळ्याकाठी सगळे तिला पडदेवाल्या वहिनी म्हणत. पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत, शिलाई मशीनवर तिची सव्वीस वर्षं गेली होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्याने रिमोटवर चालणारी मीटरभर लांबीची शिडाची होडी बांधायला घेतली, तेव्हा तिने नाक मुरडलं होतं. नातवंडं खेळतील तेव्हा खेळतील, आधी आजोबांची हौस फिटू दे, असं ती शेजारणीला सांगायची. तरी शिडं तिनेच शिवली. त्याने शिवलेलं पहिलं शीड भांडी पुसायच्या फडक्यासारखं दिसत होतं, आणि स्वतःच्या धंद्याची अब्रू तिला चव्हाट्यावर आणायची नव्हती.

मग आठ महिन्यांपूर्वी त्याला झटका आला. डावा हात गेला, डावा पाय निम्मा गेला आणि बोलणं तुकड्यातुकड्यांनी उरलं. रिमोटला दोन दांड्या असतात. उजवी सुकाणू फिरवते, डावी शीड ओढून घेते किंवा सैल सोडते. त्याच्याकडे उजवा हात तेवढा शिल्लक होता, म्हणून तळ्यावरच्या रविवारच्या शर्यतींना ती शेजारी खुर्ची घेऊन बसू लागली आणि डावी दांडी तिच्याकडे आली. एका रिमोटवर दोन माणसं, हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. शर्यतीची शिट्टी वाजवणारे मास्तर एरवी नियमाच्या कागदावर बोट ठेवून तासभर भांडायचे, पण या एका गोष्टीकडे त्यांनी कानाडोळा केला होता.

ती हौसेने येत होती असं कुणी समजू नये. तिला हल्ली कसलीच हौस वाटत नव्हती. दुःखही वाटत नव्हतं, आणि त्याचं नवलही वाटत नव्हतं. सकाळी गोळ्या, अंघोळ, भरवणं, चादर बदलणं, मग दुकान, मग पुन्हा तेच. एकदा मशीनची सुई बोटात शिरली, तर तिने आधी गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडाला डाग लागला का ते पाहिलं, मग बोट.

गेल्या महिन्यात त्याला न्हाणीघरात उठवताना दोघंही पडले आणि अर्धा तास ओल्या फरशीवर तसेच बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, तुमच्या पाठीला आता हे झेपायचं नाही. मुलगा फोनवर म्हणाला, आई, तू ठरवशील ते. म्हणजे ठरवायचं तिनेच. ती जाऊन शहराबाहेरचं शुश्रूषागृह बघून आली. खिडकीजवळचा पलंग होता, चादरी स्वच्छ होत्या. फॉर्मवर ‘मुक्काम किती दिवस’ असा रकाना होता, तिथे तिने ‘कायम’ असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. सोमवारी सकाळी त्याला न्यायचं होतं. त्याला मात्र तिने सांगितलं, पंधरा दिवस, तपासण्यांसाठी. तो “बरं” म्हणाला. तिला वाटलं, सुटले.

रविवारी वारा असा होता की रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या खडखडत होत्या. निम्म्या लोकांनी होड्या पाण्यात उतरवल्याच नाहीत. नवऱ्याने बोटाने खूण करून सगळ्यात छोटं शीड लावायला सांगितलं. बाकीचे मधलं शीड लावून मिरवत निघाले आणि पहिल्याच फेरीत आडवे झाले. सत्तेचाळीस नंबर, म्हणजे यांची होडी, आपली खाली मान घालून चालली होती. तिसऱ्या शर्यतीत दुसऱ्या फेरीला ती चक्क सर्वांत पुढे होती. आजवर या होडीने पहिल्या पाचातसुद्धा कधी तोंड दाखवलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, वहिनी, आज पेढे हवेत. ती हसली, म्हणजे ओठ तेवढे हलवले.

पाण्यात खुणेसाठी सोडलेल्या लांबच्या पिवळ्या फुग्याला वळसा घालायचा होता. तिथे होडीचं तोंड वाऱ्यापासून दुसरीकडे फिरवताना शीड झटकन सैल सोडावं लागतं, नाहीतर जोराच्या वाऱ्यात सुकाणू कितीही फिरवा, होडी वळत नाही. तिला हे पाठ होतं. पण तिच्या डोक्यात त्या वेळी चालू होतं, उद्या गाडी किती वाजता बोलवायची. दांडी सोडायला तिला उशीर झाला. होडी फुग्याला घासली. फुगा जरासा थरथरला, बस. साठ पावलांवरचं कुणाला दिसणार? मास्तर दुसरीकडे आडव्या पडलेल्या होड्या मोजत होते.

नियम असा की फुग्याला लागलात तर स्वतः ओरडून सांगायचं आणि होडीची एक पूर्ण गिरकी घ्यायची. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिला वाटलं, त्याच्या लक्षात आलं नसेल. तेवढ्यात होडीचं नाक फिरू लागलं. त्याचा अंगठा दांडीवर दाबलेला होता आणि तो घशातून आवाज काढायचा प्रयत्न करत होता.

“सत्तेचाळीस,” तो म्हणाला. “लागली.”

तिचा हात आपोआप चालला. वारा पाठीमागे आला तसं शीड सोडलं, तोंडावर आला तसं ओढलं. अशा वाऱ्यात गिरकी म्हणजे आफतच. होडी दोनदा पाण्याखाली जाऊन वर आली, आणि तोवर चार जण पुढे निघून गेले, मग पाचवा. आता ती शेवटून पहिली होती. चूक तिची होती आणि गिरकी त्याने घेतली होती, तीही न विचारता. तिला एकदम त्या होडीकडे बघवेना.

“पंधरा दिवस नाही,” ती म्हणाली. “कायमचं आहे. मी तसं लिहून आलेय.”

त्याने पाण्यावरची नजर काढली नाही. अंगठा दांडीवरच होता.

“माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.” त्याला दम लागला. “पंधरा दिवसांना… चार स्वेटर भरलेस. गुरुवारी.”

गुरुवारपासून त्याला माहीत होतं. शुक्रवारी जेवताना त्याने विचारलं होतं, तपासण्या कुठल्या, आणि तिने रक्ताची, छातीच्या फोटोची, डोळ्यांची अशी यादी रचून सांगितली होती. तो मान हलवत ऐकत होता. मध्येच डोळ्यांची कशाला, असंही त्याने विचारलं होतं, तिला थाप पुरी करता यावी म्हणून. आठ महिने ती त्याला सांभाळत होती आणि गेले तीन दिवस तो तिला सांभाळत होता. तिला दुखलं, चांगलंच दुखलं, आणि तळ्याकाठच्या सगळ्या लोकांसमोर ती हमसून रडायला लागली.

त्याच्याकडे चालता हात एकच होता. तो त्याने दांडीवरून उचलला आणि तिच्या पाठीवर ठेवला. मास्तरांनी शिट्टी वाजवली, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस, असं ते दोनदा ओरडले. होडी पलीकडच्या दगडी भिंतीकडे वाहत निघाली होती. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.