काकांनी स्वतःचाच बंद मोडला

आज मल्लूकाकांना मातीत बसवून आलो.

आम्हा लिंगायतांत माणसाला आडवं ठेवत नाहीत. बसवतात. कपाळाला भस्म, हातात इष्टलिंग. सगळ्यांनी हात जोडून शेवटचं 'शरणार्थ' म्हटलं.
वाटलं, काका आता डोळे उघडतील आणि खेकसतील, "रडून राहिलीस कामून?"

मल्लूकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, बी.कॉम. ती डिग्री एका सकाळवर अडकली होती. त्या सकाळबद्दल मी कधी लिहिलं नाही.

फर्स्ट इयरचा स्टॅटिस्टिक्स माझा दोनदा राहिला होता.
युनिव्हर्सिटीचा नियम: पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाल्याशिवाय थर्ड इयरला ॲडमिशन नाही.
घरचा नियम बाबांनी सांगितला. "यंदा न्हाई निघाला तर पाहुण्यांना बघायला या म्हणतो."

भर मे महिन्यात प्रमाण विचलनाचं सूत्र पाठ करताना मला थंडी वाजायची.

ते दुष्काळाचं वर्ष. विहिरी आटलेल्या, गाव टँकरवर. त्यात उदगीर जिल्हा व्हावा म्हणून आंदोलन पेटलेलं. आमच्या गावच्या कृती समितीचे अध्यक्ष कोण? मल्लूकाका. एका सहीसाठी लातूरला दिवस घालवायचा, हा त्यांचा जुना राग.

आणि बंद पुकारला नेमका माझ्या पेपरच्या दिवशी.

मी घरात बोललेच नाही. काकांना काय सांगणार, तुमचा बंद पुढे ढकला?
कॉलेजला फोन केला. "पेपर होणार. सेंटरवर वेळेत या." फोन ठेवला.

पॅड आणि हॉल तिकीट घेऊन फाट्यावर चालत गेले. टायर जळत होते. काका रस्त्याच्या मधोमध सतरंजीवर बसलेले, छातीवर बिल्ला.

"कुठं निघालीस गं?"
"उदगीरला. पेपर आहे."
"आज? आन् मला आत्ता सांगून राहिलीस?"
"भीती वाटली, काका."

तेवढ्यात उदगीरला भरायला निघालेला पाण्याचा टँकर आला. त्या दिवशी फक्त दवाखान्याची गाडी आणि टँकर सोडायचा, असं ठरलेलं.

काका उठले. "बस यात."

"वा अध्यक्ष!" नागनाथ ओरडला. समितीतलाच तो, काकांचा दोस्त. "सकाळी माझ्या मेव्हण्याला माघारी लावलं तुमी. लगीन होतं त्याच्या घरात. आन् पुतणी आली की रस्ता मोकळा व्हय?"

पोरं हसली. एकानं शिट्टी मारली.

"नाग्या, जिल्हा कशाला मागून राहिलो आपण? हापिसं जवळ यावीत म्हणून ना? मग त्या हापिसात बसणार कोण? समदी लातूरचीच आणायची का?"
"भाषण नका करू. मेव्हण्याचं सांगा."

नागनाथचं बरोबर होतं, हे मलाही कळत होतं. मला वाटलं, आता काका मला घरी पाठवतील. मनात एक क्षण बरंही वाटलं. पेपर तरी टळेल.

काकांनी बिल्ला काढून नागनाथच्या हातात ठेवला.
"चुकलं माझं. आजपास्न तू अध्यक्ष. पर हिला जाऊ दे."

आणि स्वतःही केबिनमध्ये चढले. एकटीला कसं पाठवायचं म्हणून.

पुढच्या फाट्यावर अनोळखी पोरं होती. हातात दगड. ड्रायव्हर म्हणाला, "काच गेली तर मालक मला सोडायचा न्हाई." काकांनी मला सीटखाली बसायला लावलं. डिझेलचा वास, गरम पत्रा. ते खिडकीतून ओरडत होते, "पाण्याची गाडी हाय! पाण्याची!" आणि एका हातानं माझं डोकं घट्ट खाली दाबून धरत होते.

मला वाटायचं, काकांना भीती माहीतच नाही.

पेपरला पोचले. जमेल तसा सोडवला. काठावर पास झाले.

परत यायला काहीच नव्हतं. भर उन्हात आम्ही चालत निघालो.

"काका, तुम्हाला भ्या वाटलं?"
"लई."
"दाखवलं नाहीत."
"दाखवून काय करू? तू आधीच पांढरी पडली होतीस. दोघंबी तसेच बसलो असतो तर ड्रायव्हर उतरून पळाला असता."

जिल्हा अजून झालेला नाही. काकांना पुन्हा कुणी स्टेजवर बोलावलं नाही. त्यांनी त्याबद्दल मला एकदाही ऐकवलं नाही.

आता आजचं.

काकांची मुलगी पार्वती बी.कॉम. सेकंड इयरला आहे. सोमवारी तिचा कॉस्टिंगचा पेपर. मघाशी ओट्यावर भावकीतले थोरले म्हणाले, "बाप जाऊन चार दिवस न्हाईत, पोरगी पेपरला गेली तर लोक काय म्हणतील? ऱ्हाऊ दे यंदा."
आमच्यात सुतक पाळत नाहीत. तरी सगळे खाली बघत राहिले. काकूसुद्धा. "यंदा राहू दे" म्हटलं की पुढे काय होतं, हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

मी उभी राहिले. "सोमवारी मी तिला घेऊन जाणार."

बाबांनी मान वर केली नाही. कुणी हो म्हणालं नाही, नको म्हणालं नाही. सोमवारी दारात कोण आडवं येईल, माहीत नाही.

पार्वती आत पुस्तक उघडून बसली आहे. एकही पान उलटलेलं नाही. तिच्या शेजारी जाऊन बसते.

काका, शरणार्थ.