दिसलं होतं

गणवेश शिवायच्या कारखान्यात ती शेवटच्या टेबलावर बसायची. शिवून झालेला प्रत्येक सदरा तिच्या हाताखालून जायचा आणि बोट फिरवलं की सुटलेला टाका सापडलाच म्हणून समजा. माणसांच्या बाबतीतही तिची नजर तशीच. कुणाच्या घरी भांडण झालंय, कोण काम सोडायच्या बेतात आहे, हे ती चेहरा बघून सांगायची आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. बायकांनी तिचं नाव ‘दुर्बीण’ ठेवलं होतं. वरवर ती चिडायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

एकदा इस्त्रीच्या टेबलावर नवा माणूस आला. पन्नाशीचा, अबोल, आपण बरे की आपलं काम बरं असा. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग त्याची पावलं अडखळू लागली. बोलताना जीभ जड व्हायची. एका सकाळी इस्त्री हातातून सुटली आणि गठ्ठ्यातले वरचे सदरे करपले.

“घरूनच लावून येतो,” दुर्बीण शेजारणीला म्हणाली.

“वास तर येत नाही गं.”

“वास कशाला यायला हवा? मला डोळे आहेत ना!”

तिने मालकांच्या कानावर घातलं. मालकांचा तिच्या नजरेवर भरवसा. त्यांनी त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. जाताना तो काहीतरी सांगू बघत होता, पण शब्द तोंडातच गुंतत होते. ते बघून तिची खात्रीच पटली.

पुढे बऱ्याच महिन्यांनी ती दवाखान्यात औषधांच्या रांगेत उभी होती. पुढच्या बाईने तिच्या गळ्यातलं कारखान्याचं ओळखपत्र पाहिलं आणि बोलायलाच लागली.

“आमचे हे तिथेच होते, इस्त्रीला. आता अंथरुणाला खिळलेत. नसांचा आजार. आधी जीभ जड झाली, मग पाय गेले. लोकांना वाटायचं पितात. आयुष्यात थेंब घेतला नाही हो त्यांनी!” मग आवाज खाली आणून म्हणाली, “कपडे तपासायला एक ताई आहेत ना तिथे? बोलता येत होतं तोवर नाव काढायचे त्यांचं. नजर कडक, पण बाई मनाची चांगली म्हणायचे.”

दुर्बिणीने गळ्यातलं ओळखपत्र पदराखाली सरकवलं. औषध न घेताच ती रांगेतून बाहेर पडली.

त्या दिवसापासून तिने कानाला खडा लावला. कुणाबद्दल काही ठरवायचं नाही. दिसलं तरी बोलायचं नाही. बायका हसायच्या, “दुर्बिणीची काच धुरकटली वाटतं!” ती मान खाली घालून टाके तपासत राहायची.

तिची धाकटी बहीण दर सुट्टीला जेवायला यायची. लहानपणापासून हिच्या मागेमागे फिरलेली, बडबडी, दवाखान्याचं नाव काढलं तरी रडणारी. त्या वर्षी ती ताटात निम्मं टाकून उठू लागली. बसताना हळूच एका कुशीवर कलायची. आणि तिच्या ड्रेसची बाजूची शिवण आत घेतलेली होती, एकदा नाही, दोनदा. ते टाके दुर्बिणीला दारातूनच दिसले होते.

“बारीक झालीस गं?” तिने जपून विचारलं.

“मग! किती वर्षं प्रयत्न करतेय,” धाकटी हसली. हसू जरा जास्तच मोठं होतं. तेही दुर्बिणीला दिसलं. पण पुन्हा चुकले तर, असं वाटून ती भांडी घासायला उठली.

धाकटीला दवाखान्यात नेलं तेव्हा दुखणं सगळ्या पोटात पसरलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

“ताई,” पलंगावरून धाकटी म्हणाली, “तुला खरंच कळलं नव्हतं? तुझ्या नजरेतून काही सुटतं होय?”

“दिसलं होतं गं.”

“मग बोलली का नाहीस? मला वाटायचं, तू ओरडशील, हात धरून नेशील. एकटीने यायची हिंमतच होत नव्हती मला.”

दुर्बीण तिचे पाय चेपत राहिली. हिवाळा संपायच्या आत धाकटी गेली.

दुर्बीण कामावर परतली. आता ती पुन्हा बघते आणि दिसलं की जाऊन विचारते. कुणी सांगतं, कुणी “तुम्हाला काय करायचंय?” म्हणून फटकारतं. ती निमूट ऐकून घेते. परवा काजं-बटणं करणारी बाई गाल धरून बसलेली दिसली. आदल्या दिवशी तिचं नवऱ्याशी वाजलं होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. दुर्बीण जवळ जाऊन बसली.

“काय झालं?”

“दाढ हो ताई! जीव जातोय. पण भीती वाटते.”

“चल. मी येते.”

दाताच्या डॉक्टरांकडे दुर्बीण बाहेरच्या बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसली. आतून कण्हण्याचा आवाज आला आणि तिला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबला तरी थांबेना. शेजारचे म्हातारे गृहस्थ तिच्याकडे वळले.

“बहीण का तुमची? अहो, दाढच तर काढतायत. आत्ता येईल बाहेर हसत.”

दुर्बिणीने डोळे पुसले.

“हो,” ती म्हणाली. “धाकटी आहे.”