हिरामणचा दुपट्टा

रामाकोना गावच्या कमलला पुसायची भारी खोड. ताट पुसेल, पाटा पुसेल, दुसऱ्याच्या लेकराचं नाक वाहताना दिसलं की पदर घेऊन धावेल. नवरा हिरामण म्हणायचा, "एक दिवस तू मले पुसून पुसून झिजवशील वं." अशी ही बाई. आणि याच खोडीपायी त्र्याऐंशी सालच्या हंगामात ती नवरा गमावून बसली असती.

त्या दिवशी हिरामण केशवरावांच्या कपाशीवर फवारा मारत होता. वारा तोंडावरचा. दवाई आत जाऊ नये म्हणून कमलनंच त्याच्या नाकातोंडावर दुपट्टा बांधून दिला होता. दुपारपर्यंत तोच दवाईनं ओलाचिंब झाला. हिरामण बांधावर बसला तो उठेचना. घामानं निथळतोय, तोंडातून लाळेची धार, दंडाचं मांस आपोआप फडफडतंय. शेजारचा सुखदेव म्हणाला, ताक पाजा. कमलनं ऐकलं नाही, ते बरं केलं. सुखदेवच्याच बैलगाडीत नवऱ्याला घातलं आणि सौंसरचा सरकारी दवाखाना गाठला. वाटभर ती त्या दुपट्ट्यानं त्याचं तोंड पुसत होती.

डॉक्टरांनी बॅटरी लावून डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या. त्यांनी कपडे उतरवून बाहेर फेकायला लावले, साबणानं अंग धुवून घेतलं, सुई टोचली. दुपट्टा तेवढा कमलच्या खांद्यावर राहिला.

"या जहरानं नसांनी अंगाला दिलेला हुकूम थांबतच नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून ही लाळ, हा घाम, छातीत पाणी. तोंड कोरडं पडेपर्यंत सुया देत राहीन."

तोंड कोरडं पडलं. कमलचा जीव भांड्यात पडला. पण दिवेलागणीला पुन्हा लाळ, पुन्हा छातीत घरघर, ओठ काळेनिळे. डॉक्टर चक्रावले. पोटात काही गेलं नाही, अंग धुतलेलं, मग नवीन जहर येतंय कुठून?

कमल आपली पुसतच होती. काय करणार बिचारी, हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्या हातातला दुपट्टा ओढून हुंगला. "बाई, हे काय करून राहिल्या? हे जहर कातडीतूनही जातं. थोडं थोडं, पण जातच राहतं."

आपलेच हात नवऱ्याच्या जिवावर उठले, हे कमलला सोसेना. त्या जहरानं तिचीही नजर धूसर झाली होती. नर्स मालतीबाईंनी तिचे हात धुतले, लुगडं बदलायला लावलं. हिरामणचं तोंड पुन्हा धुतलं, पुन्हा सुया सुरू झाल्या. कमल दाराशी बसली, दोन्ही हात काखेत दाबून. मालतीबाईंनी बोलावलं तरी खाटेजवळ जाईना.

उजाडलं तेव्हा हिरामणची जीभ टाळूला चिकटली होती. त्यानं पाणी मागितलं. मालतीबाईंनी पाजलं, थोडं हनुवटीवर ओघळलं. कमल दारातूनच बघत राहिली.

"पुस ना वं," हिरामण म्हणाला.

ती उठली, नळावर गेली, कोपरापर्यंत पुन्हा साबण लावला. मग आली आणि उघड्या तळव्यानं त्याची हनुवटी पुसली.