बाबांचे अकरा किलो

दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही पाच माणसं राहायचो, डोंबिवली पूर्वेला, आणि ती खोलीही आमची नव्हती. बाबा ज्या शेठची गाडी चालवायचे, त्याच्याच चाळीतली होती. भाडं द्यावं लागायचं नाही, पण नोकरी गेली की खोली गेली, हे लहान भावालाही पाठ होतं. आई शेठच्या बंगल्यावर भांडी घासायची. रविवारी तिकडचं उरलेलं चिकन डब्यातून यायचं आणि आम्ही दारात बसून त्याची वाट बघायचो. लाज वगैरे वाटायची नाही. भूक लागलेली असायची.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. शेठचं रोज ठाण्याला जाणं असायचं. मुंब्रा बायपासचा चढ त्याची मोठी गाडी आधी तिसऱ्या गिअरवर घ्यायची, ती आता दुसऱ्यावर टाकावी लागायला लागली. मागून टेम्पोवाले हॉर्न मारायचे. ते शेठला सहन होईना.

एका सकाळी त्याने नाक्यावरच्या भंगारवाल्यासमोर गाडी थांबवली. त्याच्या आगरी बोलीत गाडीची गारी व्हायची आणि चढची चर.

"काय रं, गारी का चरत नाय ते आज बघू. उतर. चर त्या काट्यावर."

पत्रे आणि पाण्याच्या मोटारी तोलायचा तो काटा. बाबा चपला काढून त्यावर उभे राहिले. मी कॉलेजला निघालेली, समोरच होते. ब्याण्णव भरले. पानवाला, रिक्षावाले, सगळे हसले.

"ब्याण्णव! बैल बसवलाय मी ष्टेरिंगवर," शेठ म्हणाला. "गणपतीपर्यंत ऐंशीवर ये. नाय तर बारीक ड्रायव्हर आणतो. तुझी खोली पण त्यालाच."

शेठ स्वतः एकशे दहाच्या घरात होता. कुणीतरी मागून म्हणालं, "शेठ, तुम्ही पण चढा की."

"मालकाचं वजन गारीला लागत नाय," शेठ म्हणाला, आणि परत सगळे हसले. बाबाही हसले.

रात्रीच्या जेवणाला बाबांनी मला विचारलं, "तू शिकतेस ना. माणसाच्या वजनाने गाडीला फरक पडतो?"

माझ्या आजवरच्या आयुष्यात बाबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझी छाती फुगली. मी वही काढून सूत्र लिहून दाखवलं. इंजिनचा जोर तेवढाच, वजन वाढलं की वेग घ्यायला वेळ लागणार, चढावर तर जास्तच.

"म्हणजे शेठ बरोबर बोलतो?"

"बरोबर बोलतो. शास्त्रच आहे ते."

आईने माझ्याकडे बघितलं आणि भाताचं पातेलं झाकलं.

बाबांचं जेवण त्या दिवसापासून मी हातात घेतलं. भात बंद. भाकरी एक. नाक्यावरचा वडापाव बंद, चहात साखर बंद. दर रविवारी मी त्यांना भंगारवाल्याकडे न्यायची, वहीत वजन लिहायची आणि नाक्यावर कुणी विचारलं की शास्त्र समजावून सांगायची. चाळीतल्या बायका नळावर विचारायच्या, "काय गं, आज बापाला पाणी तरी देणारेस का?" एकदा बाबांनी आईच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली. मी त्यांच्या हातातून ती काढून घेतली. भाऊ-बहीण बघत होते. मी म्हणाले, "खोली जाईल, तेव्हा खा." असंच म्हणाले मी, शब्द बदललेले नाहीत.

श्रावणात बायपासवर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी कडेला घेऊन ते दहा मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. शेठने त्यांना मागच्या सीटवरून पायाने ढोसलं. हे घरी सांगताना बाबा म्हणाले, "पण वजन उतरतंय ना?"

गणपतीच्या आदल्या दिवशी काट्यावर एक्क्याऐंशी भरले. अकरा किलो कमी. शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसत होता.

"एक किलो जास्तच हाय," शेठ म्हणाला. "आणि गारी अजून दुसऱ्यावरच चरते. काय गं इंजिनिअर, कुठं गेलं तुझं शास्त्र?"

मला राग आला. बाबांसाठी नव्हे, खरं सांगायचं तर शास्त्रासाठी. मी म्हणाले, "गाडी बघते." आणि डिकी उघडली.

मॅटखाली लाद्यांचे सहा बॉक्स होते. बंगल्याच्या गच्चीच्या कामातून उरलेल्या, फार्महाऊसला न्यायच्या म्हणून ठेवलेल्या. एकेक बॉक्स पंचवीस किलोचा, वर छापलेलंच होतं.

"बाबा, हे कधीपासून?"

"शिमग्यापासून."

"आणि गाडी चढेनाशी कधी झाली?"

"तेव्हापासूनच."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू मला माझं वजन विचारलंस," बाबा म्हणाले. "गाडीत काय आहे ते कुठे विचारलंस?"

ती गाडी भरल्यावर दोन टनांच्या वर जायची. बाबांचे अकरा किलो म्हणजे शंभरात अर्धा. मी सूत्र लिहिलं होतं, पण त्यात गाडीचं वजन घालून बघितलंच नव्हतं. दोन ओळींचा भागाकार. तो न करता चार महिने मी बापाला उपाशी ठेवलं.

पण तिथे मी गप्प बसले नाही. सगळ्या नाक्यासमोर म्हणाले, "शेठ, डिकीत दीडशे किलो लाद्या आहेत आणि मागच्या सीटवर एकशे दहा किलो तुम्ही. आधी लाद्या उतरवा, मग तुम्ही उतरा. गाडी तिसऱ्यावर चढेल."

या वेळी कुणीच हसलं नाही. शेठने हात पुढे केला, बाबांनी त्यात गाडीची चावी ठेवली. खोली रिकामी करायला आठ दिवस मिळाले, गणपती होते म्हणून. आईचं बंगल्यावरचं कामही गेलं. लाद्या दुसऱ्याच दिवशी उतरवल्या, असं नवा ड्रायव्हर नंतर सांगत होता. तो बारीक होता. शेठ सगळ्यांना सांगायचा, ड्रायव्हर बदलला आणि गाडी सुधारली.

आम्ही कळव्याला डोंगरावर पत्र्याची खोली घेतली. बाबा ठाण्यातल्या खोपटहून शाळेची व्हॅन चालवायला लागले. बाबांनी मला कधी बोल लावला नाही. फक्त ताटावर बसले की अजूनही पहिला घास घेण्याआधी माझ्याकडे बघतात. मी दुसरीकडे बघते.

मी मेकॅनिकल घेऊन फर्स्ट क्लासमध्ये पास झाले. आमच्या आई-बाबांच्या दोन्ही घरांत पदवी घेतलेली पहिली मीच. आता मी गाड्यांच्या चाचणीत काम करते. सीटवर माणसांऐवजी आम्ही वाळूच्या पिशव्या ठेवतो आणि नोंदी घेतो. गाडी चाचणीला काढण्याआधी डिकी मी स्वतः उघडून बघते. कळव्यात दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. बाबा परत ब्याण्णवला आलेत.